पोटात मिलो, पाटीत पापलेट

मला पेलाग्रा झाला होता. हे नाव सांगितलं की आमच्याकडच्या बायका विचारतात, कुठल्या तालुक्यातलं गाव ते. म्हणून आधीच सांगते. हा आजार आहे, खाण्यात तूट पडली की होतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि नीट खाल्लं की बरा होतो. एवढंच मला त्या वेळी कुणी समोर बसून सांगितलं असतं तर पुष्कळ त्रास वाचला असता. डॉक्टरी भाषेत लिहिणं माझ्याच्याने होणार नाही. मी म्हावरं म्हणजे मासे विकणारी बाई, सातवीपर्यंत शिकलेली. जे झालं ते सांगते. कुणाच्या अंगावर तशी खूण दिसली तर त्याला उपयोग होईल, नाही दिसली तर उत्तमच.

रेशनचं धान्य

पासष्ट साली लढाई लागली तेव्हा आम्ही तारापूरच्या खाडीजवळ मच्छीमारांच्या वाड्यात राहत होतो. घरात माझे मालक, सासू आणि मी. मालक दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल होते. समुद्रावर तांडेलाचा शब्द चालतो, आमच्या घरात सासूचा चालायचा.

लढाई लांब, पंजाबात आणि काश्मिरात. आमच्याकडे ती वेगळ्याच रूपाने आली. अंधार पडला की दिवे बंद, खिडक्यांना काळे कागद, समुद्रावर बत्ती लावायची नाही. डिझेल मिळेल तेवढंच. बोटी कमी जात आणि म्हावरं कमी येई, म्हणून आलेल्या म्हावऱ्याला कधी नव्हे तो भाव. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. देशावरची, मद्रासकडची माणसं बोईसरला खोल्या घेऊन राहत होती. पाटी उतरवली की पापलेट हातोहात जायचं. तेव्हा आम्ही गरीब झालो होतो असं कुणी समजू नये. हातात पैसा होता, धान्य नव्हतं.

आम्ही भात खाणारी माणसं, पण शेती आमची नाही. सासू दरवर्षी कापणीनंतर सुक्या बोंबलांची गाठोडी घेऊन पालघरच्या पलीकडच्या गावांत जायची आणि शेतकऱ्यांकडून बदल्यात भात आणायची. तिच्या सासूनेही तेच केलं होतं. त्या वर्षी ती गेली आणि गाठोडी तशीच घेऊन परत आली. शेतकरी म्हणाले, आमचा भात सरकारी लेव्हीत गेला. ज्यांच्याकडे थोडा होता त्यांना तो नाक्यापलीकडे पाठवायची भीती, नाक्यावर धान्य पकडत होते.

मग राहिलं रेशनचं दुकान. तिथे तांदूळ आला तर आला, नाहीतर मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. आमच्या हातांना तांदळाच्या भाकरीची सवय, हे पीठ थापायला घेतलं की कडेने फाटायचं. सासूने पहिल्या दिवशी परातीत बघितलं आणि म्हणाली, "ह्याची भाकर कशाला करतंस? कूड लिंपून घे ह्यानं."

सोमवारी संध्याकाळी देशासाठी एक जेवण सोडा, असं सगळीकडे सांगत होते. बोईसरची हॉटेलं सोमवारी संध्याकाळी बंद असत. आम्हीही सोडलं. खोटं कशाला बोलू, मिलोची भाकरी सोडायला मला काही जड गेलं नाही.

माझा भाऊ

माझं माहेर केळव्याचं. आई गेली तेव्हा जना रांगत होता. मी त्याला कडेवर घेऊन वाढवला, कडेवर घेऊनच चूल फुंकली आणि पाणी भरलं. त्याला समुद्र लागायचा, होडीत बसला की ओकायचा. मच्छीमाराच्या घरात असं पोर म्हणजे चेष्टेचा विषय. मोठा झाल्यावर तो ट्रक चालवायला शिकला आणि मिलिटरीत ड्रायव्हर म्हणून भरती झाला. जाताना म्हणाला, "बाय, जमिनीवरच मरेन, पान्यात नाय." तो हसला. मला ते बोलणं आवडलं नव्हतं.

लढाई लागली आणि त्याचं पत्र बंद झालं. बोईसरला माल विकताना लोक रेडिओला कान लावून बसलेले दिसायचे. कुठे पूल उडाला, कुठे गाड्यांचा तांडा जळाला. गाड्या म्हटलं की मी पाटी सोडून रेडिओजवळ जाऊन उभी राहायची. मला पाचवा महिना होता. एका सकाळी मी पाटी तशीच शेजारणीकडे ठेवली आणि केळव्याला शितळादेवीच्या देवळात गेले.

आमच्याकडे नवस बोलायचा म्हणजे स्वतःच्या जिवाला लागेल असं काहीतरी सोडायचं. नारळ आणि खण तर सगळेच देतात. मी म्हणाले, "आई, माझा जना सुखरूप येऊन माझ्या दारात उभा राहीपर्यंत मी वशाट तोंडाला लावणार नाही आणि भाताला शिवणार नाही." वशाट म्हणजे म्हावरं, अंडं, मटण, सगळंच आलं.

आता बघा, 'लढाई थांबेपर्यंत' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी म्हावरं विकणारी, सौदा पक्का करायची सवय. दारात उभा राहीपर्यंत, म्हणाले. थोड्याच दिवसांनी लढाई थांबली, जनाचं पत्रही आलं. गावाचं नाव नाही, नुसते आकडे आणि "मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असाल, रजा मिळत नाही." मालक म्हणाले, झालं की, सोड आता. मी म्हणाले, कुठे उभा आहे तो दारात? शब्द दिला होता तो दिला होता. आणि खरं सांगायचं तर भीती होती. लढाई थांबली होती, पण माणसं सीमेवरच होती. मी एक बोंबील खायचा आणि तिकडे त्याची गाडी सुरुंगावर जायची, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलायचं नाही.

मुशी

फेब्रुवारीत मुलगा झाला. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्यात मुशीचं कालवण देतात. मुशी म्हणजे लहान शार्क. सासूने बंदरावर भांडून मुशी आणली, आलं-मिरी घालून कालवण केलं आणि वाटी माझ्यासमोर ठेवली. मी वाटी बाजूला सारली.

"भावासाठी सोडलंस, पोरासाठी खा," ती म्हणाली.

"आय, तसं नाय चालत."

"मना शिकवतंस काय चालतं नि काय नाय?"

तिने वाटी उचलली आणि माझ्याकडे पाठ करून स्वतः खाल्ली. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी मिलोची भाकरी, मीठ-मिरची आणि कधी पातळ डाळ यांवर राहिले. गावातल्या म्हशींचं दूध बांधकामाच्या वसाहतीत जात होतं, चहासुद्धा आम्ही कोरा पीत होतो. घरात बाकीचेही मिलोच खात होते, पण त्यांच्या ताटात बाजूला म्हावरं असायचं. हा फरक तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही, माझ्याही नाही.

हात

मार्चच्या उन्हात पुन्हा पाटी घेऊन निघाले. आधी हातांची मागची बाजू लाल झाली, मग काळी पडली, मग सालं निघायला लागली. कोपरापाशी जिथे चोळीची बाही सुरू होते तिथे रेघ मारल्यासारखं थांबलेलं. पायांवर तसंच. गळ्याभोवती काळा पट्टा उठला. मी म्हटलं, ऊन लागलं. उन्हात तर मी जन्मभर होते.

जीभ लाल, सोललेली. मिरची लागली की डोळ्यांत पाणी. पोट सारखं बिघडलेलं. आणि डोकं चालेना. एकदा बोईसरच्या बाजारात मी बसले होते, समोर गिऱ्हाईक उभं, आणि मला पापलेटाला काय म्हणतात तेच आठवेना. मी त्या बाईकडे बघत बसले. ती माझ्या हातांकडे बघत होती. मग तिने घेतलेला मासा परत पाटीत ठेवला आणि पदराला हात पुसत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडून कुणी घेईना. तिथल्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथल्या कंपाउंडरने मलम दिलं आणि मालकांना बाहेर नेऊन हळूच म्हणाला, महारोगाची तपासणी करून घ्या.

मालकांनी मला सांगितलं नाही, पण घरात त्याच संध्याकाळी माझं ताट वेगळं झालं. सासूने बाळाला दूध पाजण्यापुरतं माझ्याकडे द्यायचं आणि लगेच उचलायचं असं ठरवलं. मला वाईट वाटलं, अगदी खोल कुठेतरी वाटलं, पण तिच्या जागी मीही तेच केलं असतं. वाड्यातल्या बायका पाण्यावर माझ्यासाठी जागा सोडून उभ्या राहायच्या. त्यात अपमान होता की माया, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे दूध आटलं. बाळ छातीला लागायचं, ओढायचं, सोडून रडायचं. आधी जोरात रडायचं. नंतर आवाज बारीक झाला, आणि तो बारीक आवाज ऐकून सासूने मालकांना सांगितलं, "उद्या पालघरला ने तिला. महारोग तर महारोग, कलू दे एकदाचं."

पालघरचे डॉक्टर

पालघरच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर सोलापूरकडचे, तरुण, कायम झोप न झाल्यासारखे. त्यांनी माझे हात बघितले, हनुवटी वर करून गळा बघितला, जीभ बघितली. मग महारोगाचं नावही न काढता विचारलं, "बाई, तुम्ही जेवता काय?"

मी म्हणाले, "मिलो."

"त्याच्याबरोबर?"

"मीठ."

"धंदा काय तुमचा?"

"म्हावरं विकते."

त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मग मालकांकडे बघितलं. मालक जमिनीकडे बघत होते.

डॉक्टर म्हणाले, दुष्काळात नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या लोकांना हा आजार होतो, आमच्याकडे मी पाहिलाय, पण समुद्राकाठच्या बाईला होईल असं वाटलं नव्हतं. महारोग नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. ते ऐकून मालक भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. मी रडले नाही. मला फक्त झोपायचं होतं.

"याच्या गोळ्या असतात," डॉक्टर म्हणाले. "मागवल्यात, पण लढाईपासून बाहेरून येणारा माल वेळेवर येत नाही. येतील तेव्हा देऊ. तोवर मासे खा, अंडी खा. हेच औषध आहे."

मी म्हणाले, "मला नाही चालत."

मालकांनी नवसाची हकिकत सांगितली. मला वाटलं डॉक्टर हसतील, किंवा चिडतील. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तुमचा भाऊ सीमेवर आहे, तो माझ्या हातात नाही. हे मूल माझ्या समोर आहे, आणि ते आणखी फार दिवस असं काढू शकणार नाही. दुधाची पावडर आहे थोडी, ती देतो. पण मला मुलाच्या आईचं दूध पाहिजे." मग ते पुढच्या रोग्याकडे गेले.

मी विचार केला. खरंच केला, जेवढं डोकं चालत होतं तेवढा. एका बाजूला जना, दुसऱ्या बाजूला हे पोर. जनालाही मीच वाढवला होता. ज्याने अशी निवड कधी केली नाही त्याला ती सोपी वाटते.

शेजारची खाट

मला आणि बाळाला तिथेच ठेवून घेतलं. बायकांच्या वॉर्डात माझ्या शेजारी लखमी नावाची वारली बाई होती, जव्हारकडच्या डोंगरातली. तिच्या गळ्याभोवती माझ्यासारखाच पट्टा, हातही तसेच. आम्ही दोघींनी हात पुढे करून एकमेकींना दाखवले. तिचं तान्हं पोर होळीच्या सुमाराला गेलं होतं. तिच्या पाड्यावर त्या उन्हाळ्यात किती तान्ही गेली ते ती बोटांवर सांगायला लागली आणि मध्येच बोटं मिटून घेतली.

वॉर्डातला दिवस सगळा सारखाच. सकाळी पातळ दूध, मग डॉक्टरांची फेरी, दुपारी जेवण. जेवणात काय, तर मिलोची भाकरी आणि वरण. डॉक्टर स्वयंपाक्यावर ओरडायचे, स्वयंपाकी म्हणायचा, साहेब, दुकानात जे येतं ते शिजवतो. दोघांचंही बरोबर होतं. दुपारी उकाड्यात सगळ्या बायका गप्प पडून असत. तेव्हा माझ्या पोराचा बारीक आवाज वॉर्डभर ऐकू यायचा.

सासू रोज बोईसरहून गाडीने यायची. पहिल्या दिवशी तिने फडक्यात बांधलेला डबा उघडला. बोंबलाचं कालवण. वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि सोललेल्या जिभेला ते झोंबलं. मी तोंड भिंतीकडे केलं.

लखमीने विचारलं, "तुझ्या घरी म्हावरा हाय?"

"हाय."

"नि तू खात नाय?"

मी तिला नवस सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "माना कोनी इचारलाच नाय का तू काय सोडशील." रागाने नव्हे, सहज बोलली. मी हौसेने उपाशी होते आणि ती उपाशी होती, आणि दोघींचे हात सारखेच सोलले होते.

सासूने डबा उचलून लखमीच्या खाटेवर ठेवला. "खा बाय. हिच्यासाठी आनलाय, पन हिला देवी पायजे." मग रोजचंच झालं. सासू माझ्यासाठी डबा आणायची, माझ्यासमोर उघडायची, थोडं थांबायची आणि लखमीला द्यायची. तेवढ्यात चिडून मला दोन शब्द बोलायची तेही रोजचंच.

थोड्याच दिवसांत लखमीची जीभ निवली. ती उठून बसायला लागली, मग वॉर्डात फिरायला लागली, मग आयाशी भांडायला लागली. हातांची नवी कातडी गुलाबी दिसू लागली. मी खाटेवरून बघत होते. माझंच औषध तिला लागू पडत होतं. माझं पोर पावडरच्या दुधावर ओकत होतं आणि दिवसेंदिवस हलकं होत होतं. डॉक्टर फेरीला आले की त्याच्या टाळूवर बोट ठेवून बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. ते बोलले असते तर मी भांडले असते. न बोलण्याशी भांडता येत नाही.

एका दुपारी सासू आली तेव्हा बाळ रडतही नव्हतं. तोंड उघडायचं, आवाज नाही. सासूने त्याला उचललं, तोंडाजवळ कान नेला, परत ठेवलं. डबा उघडलाच नाही. मालक खाली उभे होते त्यांना काहीतरी सांगितलं आणि निघून गेली. मला वाटलं आता ती येणार नाही.

नवस कुणाचा

दुसऱ्या दिवशी ती आली. कपाळावर मोठं कुंकू, पदराच्या टोकाला अंगारा बांधलेला. केळव्याला जाऊन आली होती. खाटेवर बसली, अंगारा माझ्या कपाळाला लावला, पोराच्या लावला.

"देवीला सांगून आले," म्हणाली. "आजपासून तुझा नवस माझा. जना दारात येईस्तोवर मी वशाट खानार नाय नि भाताला शिवनार नाय. तू सुटलीस."

मी म्हणाले, "असं कुठं असतं, आय?"

"का नसतं? तांडेल बदलला म्हनून होडी बुडते काय? देवीला उपास पायजे, तो चालू हाय. कोन करतं त्याचं तिला काय?"

"देवीनं घेतलं?"

"घेतलं."

साठीच्या पुढची बाई. जन्मात म्हावऱ्याशिवाय घास गिळला नव्हता तिने. उपासाच्या दिवशीसुद्धा सुक्या जवळ्याचा वास घेऊन पाणी पिते असं म्हणून सगळ्यांना हसवायची. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती डबा उघडत होती. मुशीचं कालवण होतं आणि कुठून कोण जाणे, मूठभर भात.

पहिला घास तिनेच भरवला. माझी जीभ जळत होती. मी खात होते आणि रडत होते, आणि खाताना मनात एकच, जना, जना, जना. वॉर्डातल्या बायका उठून बसून बघत होत्या. लखमी म्हणाली, "आज माझा डबा गेला," आणि सगळ्या हसल्या.

दूध एकदम आलं नाही. आधी थेंब, मग थोडं. त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या गोळ्याही आल्या. पोर आधी नुसतं चघळायचं, मग ओढायला लागलं. एका सकाळी ते जोरात रडलं, अगदी वॉर्ड डोक्यावर घेतला, आणि फेरीला आलेले डॉक्टर दारातच थांबून ऐकत उभे राहिले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

लखमी माझ्या आधी घरी गेली. जाताना सासूने तिला सुक्या बोंबलांचं गाठोडं दिलं. ते पुरून किती पुरणार, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. ती पुन्हा कधी भेटली नाही.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना मी दोनच गोष्टी सांगेन. अंगावर डाग दिसला की आधी डॉक्टरला दाखवा, ताट नंतर वेगळं करा. आणि रोग्यापाशी बसलेल्या माणसालाही विचारा की तू जेवलास का. माझ्या घरी ते विचारायला मी शिकले, कारण आता मिलोची भाकरी आणि मीठ सासूच्या ताटात होतं. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, म्हणून मी कुठून कुठून शेंगदाणे, दूध, डाळ मिळवून तिच्यापुढे ठेवायची. रोज आंघोळीनंतर तिचा गळा बघायची. ती म्हणायची, "काय बघतंस? मना काय दागिना घालनार हायस?"

जना

पावसाळा संपला, बोटी पुन्हा समुद्रावर गेल्या, आणि नवरात्राच्या आसपास एका दुपारी दारात कुणीतरी ट्रंक आपटली. बघते तर जना. जाडजूड झालेला, गाल वर आलेले, मिशा ठेवलेल्या.

मी पुढे धावले तर सासूने मला हाताने अडवलं. "आत नको येऊस रे. तिथंच उभा राहा." तो बिचारा उंबऱ्यापाशी उभा राहिला. तिने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं, हात उलटसुलट करून बघितले, बोटं बघितली, सदरा वर करून पाठ बघितली. मासा घेतानासुद्धा ती एवढं बघत नसे.

"सगला हाय," ती म्हणाली. "ये आता."

तिने स्वतः पाट्यावर वाटण वाटलं. त्या दिवशी घरात तांदूळ होता. चौघं जेवायला बसलो आणि तिने पापलेटाचा पहिला तुकडा तोंडात घातला. डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली.

मालकांनी जनाला लढाईचं विचारलं. तो ओशाळला. म्हणाला, "भावोजी, मी लढाई बघितलीच नाय. मी सगळा वेळ नाशकाजवळ डेपोत होतो. रेशनच्या गोण्या स्टेशनातून डेपोत आणि डेपोतून स्टेशनात. तांदूळ, डाळ, तूप. पत्रात कुठं हाय ते लिहायला मनाई होती. तुमी काळजी करत असाल असं वाटायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, तू का अशी वाळलीस?"

नाशिक. बसने गेले असते तर एका दिवसात त्याला बघून परत आले असते. मला राग आला. त्याचा, लढाईचा, देवीचा, आणि मनाई करणारे जे कोण असतील त्यांचा. हातातला घास तसाच राहिला. बाळ माझ्या मांडीवर होतं, माझ्या ताटात हात घालून भात सांडत होतं.

सासू मात्र खुशीत होती. तिने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि मला म्हणाली, "मंग आता सांगायला हरकत नाय. देवीनं घेतलं नव्हतं."

"काय घेतलं नव्हतं?"

"तुझा नवस माझ्यावर. मी कौल लावला ना. गुरवानं फूल लावलं, डावीकडं पडलं. परत लावलं, परत डावीकडं. तिसऱ्यांदा तो लावायलाच तयार नव्हता. देवी नाय म्हनाली. जिचा नवस तिनंच फेडायचा."

मालकांचं जेवण थांबलं. जनाला काहीच कळत नव्हतं, तो आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता.

म्हणजे ही बाई त्या दिवसापासून एकटी घाबरत होती. मी निर्धास्त जेवत होते आणि ती मिलो चावत होती, जनाच्या प्रत्येक पत्राला आधी स्वतः हात लावत होती, पोस्टमन दिसला की आधी स्वतः बाहेर जात होती. त्याला काही झालं असतं तर ते तिने केलं असं ती समजली असती, आणि मीही तसंच समजले असते.

मी विचारलं, "मग मला घेतलं म्हणून का सांगितलंत?"

"पोर रडायचं थांबलं होतं," ती म्हणाली. "जनाला आनखी भात वाढ."